कोसमटोल्यावरचं विमान

चांदा, १२ ऑक्टोबर १९५७

अजी,

तुमचा आसामचा पत्ता भैयाजींनी दिला. तुम्ही त्यांना कळवलं आणि मला नाही. वाईट वाटलं, नवल नाही वाटलं. आसाम कुठे आहे विचारलं तर क्लबातल्या पोरांतला लच्छू मला शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशापाशी घेऊन गेला. एक बोट त्याने चांद्यावर ठेवलं, दुसरं तुमच्यावर ठेवायला गेला आणि म्हणाला, "बाई, माया हातच पुरून नाई राह्यला."

मी बरी आहे. धावपट्टीजवळच्या आपल्या खोलीतच राहते. भैयाजी म्हणाले, कोणी तुम्हाला काढत नाही, राहा. विहिरीवर मात्र आता भर दुपारी जाते. तेव्हा गर्दी नसते.

मागच्या आठवड्यात विमान पडल्याच्या चौकशीचे साहेब पुन्हा आले होते. हा क्लब आहे तरी काय, असं त्यांनी विचारलं. अध्यक्ष भैयाजी, पण या गोष्टी काढल्या की ते उठून बाहेर जातात, म्हणून मीच सांगितलं. लढाईच्या वेळी लष्कराने केलेली धावपट्टी गवतात पडून होती. सागवानाच्या व्यापारात असलेल्या भैयाजींनी दोनचार हौशी लोक गोळा केले, दोन जुनी कापडी पंखांची विमानं आणली आणि हवाईदलातून सुटून आलेल्या माझ्या माणसाला शिक्षक नेमलं. गावोगावच्या शाळांतून पोरं निवडायची, इथे ठेवायची, उडायला शिकवायचं. साहेबांनी विचारलं, "कोणाची पोरं?" मी म्हटलं, कोणाचीही. पहिला एकटा उडाला तो दसरू मडावी. धानोऱ्यापुढच्या कोसमटोल्याचा, गोंडाचा. बाप लहानपणीच गेलेला. इथे आला तेव्हापासून आमच्याच घरी जेवला.

साहेबांनी जाताना निकाल सांगितला. ढग खाली आले, टेकडी दिसली नाही. विमानात खोट नव्हती. शिक्षकाचा दोष नाही. हे तुम्हाला कळावं म्हणून पत्राला बसले.

पण निकालाने तुम्हाला काही होणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही शोधणाऱ्या माणसांबरोबर जंगलात गेलात, दसरूला माती देऊन परत आलात, आंघोळ केली आणि न जेवता पेटी भरली. पेटी उचलताना एवढंच बोललात, "तू आडवी आली नसती तं पोरगा आज असता."

तेव्हा मी गप्प बसले. आता बोलते.

त्या सकाळी तुम्ही दोन गोधड्यांखाली कुडकुडत होतात. हिवतापाचा तिसरा दिवस. भैयाजी धापा टाकत आले, हातात डॉक्टरांनी बांधून दिलेली औषधं. वैनगंगेला पूर, नाव चालत नाही, आणि धानोऱ्याकडच्या गावांत पटकीने माणसं पटापट मरताहेत. तुम्ही उठलात. चामडी टोपी घ्यायला हात वर केला आणि भिंतीला धरून खाली बसलात. पुन्हा उठलात. तेव्हा मी दारात उभी राहिले. म्हटलं, मला ढकलून जा. भैयाजींसमोर बोलले, लाज सोडून.

दसरू अंगणात फोडणीचा भात खात होता. हात धुऊन आला. "काकाजी, मी जातो ना. तिथली वाट मले पायानं माहीत आहे, वरून काऊन नाई सापडणार?" तुम्ही त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दारातून हलले नाही. तुम्ही म्हणालात, "पाऊस दिसला तं मागं फिर. औषध राहू दे." मग तसेच कांबळं पांघरून मैदानात गेलात आणि विमानाचा पंखा तुम्हीच हाताने फिरवून दिला.

मला त्या वेळी तुमच्याशिवाय काही दिसत नव्हतं. ती सकाळ पुन्हा आली तर मी पुन्हा आडवी येईन. तुम्हाला उभं राहवत नव्हतं. पण त्याच्यासाठी दारात उभं राहायला तिथे कोणीच नव्हतं, हे माझ्या मनातून जात नाही.

दिवाळीला या म्हणत नाही. दोन ओळी लिहा.

कमळा


चांदा, २० डिसेंबर १९५७

अजी,

उत्तर आलं नाही. तरी लिहिते, कारण दसरूची आई येऊन गेली.

धान कापून झालं तशी ती निघाली. बैलगाडी मिळाली तिथे बैलगाडी, नाही तिथे पायी. मी पत्रावळी लावत होते, तर दारात एक बारकी, काळी बाई उभी. डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं. "जोहार," म्हणाली, आणि मग, "दसरूचं घर हेच का?" मी हो म्हटलं. ते आपलं घर आहे हे मी तिला कसं सांगणार?

तिला मराठी थोडीच येते. लच्छूला बोलावून घेतलं. तो तिच्याच तिकडचा, त्याने गोंडीत विचारून मला सांगितलं. नाव सुकरी. तो कुठे निजत असे ते तिला बघायचं होतं. मी ओसरी दाखवली. ती तिथे आडवी झाली. बराच वेळ तशीच होती. लच्छू उठून बाहेर गेला, मी चुलीपाशी गेले.

दुसऱ्या दिवशी मैदान बघायचं म्हणाली. धावपट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालली. शेडमध्ये दुसरं विमान आहे ना, चाक मोडून पडलेलं, त्याच्या पंखाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "हे तं लुगडं आहे," ती म्हणाली. लच्छूने सांगितलं, कापडच असतं, वरून रोगण लावतात. तिला ते खरं वाटेना. "कापडात बसून येत होता पोरगा?"

मग ती धावपट्टीच्या कडेला बसली आणि तिने जे सांगितलं ते तुम्हाला कळलंच पाहिजे. तुम्ही मातीच्या वेळी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाहीत, तिच्याशी बोलला नाहीत. म्हणून मी लिहिते.

त्या दिवशी ती धानाच्या रोवण्यात होती. गावात पाच घरांत पटकी, पण रोवणा थांबवता येत नाही. आवाज आला तशा सगळ्या बाया चिखलात उभ्या राहिल्या. विमान झाडांवरून आलं, इतकं खाली की तिला त्याचं तोंड दिसलं. हसत होता, म्हणाली. गावावरून फिरला, पुन्हा फिरला आणि पुडकी टाकू लागला. एक मोहाच्या झाडात अडकलं, बाकीची चिखलात. विहिरीत टाकायची लाल दवा, गोळ्या, सगळं हाती लागलं. धानोऱ्याला औषधाचा शिपाई अडकून पडला होता, तो दुसऱ्या दिवशी चालत आला आणि त्याने ते सगळ्यांना दिलं.

"मी खालून ओरडली," सुकरी म्हणाली. हे तिने मराठीतच सांगितलं. "जेवून जाय म्हणून ओरडली. त्याले ऐकू आलं नसन."

तेव्हा आभाळ उघडं होतं, असं ती सांगते. पाऊस नंतर आला, तो गेल्यावर. म्हणजे त्याने तुमचं ऐकलं होतं. पाऊस दिसला असता तर तो फिरला असता. पाऊस त्याला परतीच्या वाटेवर आडवा आला. मग काही दिवसांनी वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, खुडायला गेलेल्या बायांना टेकडीवर ते विमान दिसलं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

तिने एवढं सांगितल्यावर मला माझं झाकून ठेवता येईना. मी तिला ती सकाळ सांगितली. तुमचा ताप, माझं दारात उभं राहणं, सगळं. लच्छू सांगताना अडखळायला लागला तर मी म्हटलं, सांग, काही गाळू नको.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुया माणूस जित्ता आहे. माया पोरगा नाई." थोड्या वेळाने म्हणाली, "तू वाईट नाई केलं. पण आज मले तुयाशी बोलवत नाई."

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच निघाली. तांदूळ मात्र ठेवून गेली. ते मी अजून शिजवले नाहीत.

कमळा


चांदा, ९ फेब्रुवारी १९५८

अजी,

तुमचं कार्ड आलं. "पत्रे मिळाली. काम बरे आहे. प्रकृती ठीक." मी तेवढंच पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्याबद्दल विचारलं नाहीत, सुकरीबद्दल नाही. तरी अक्षर तुमचं आहे, तेवढं पुरलं.

इथलं सांगते. क्लब बंद करायची सभा झाली. दोन मुलांचे बाप येऊन त्यांना घेऊन गेले. गावातले एक वकील म्हणाले, जंगलातली पोरं कशाला आकाशात चढवता. भैयाजी खाली मान घालून बसले होते. मी बायांच्या बाजूला चहाची भांडी आवरत होते. तेवढ्यात मागून लच्छू उभा राहिला.

"दसरू चढला म्हणून कोसमटोला राह्यला," तो म्हणाला. "तुम्ही क्लब बंद करा, पण मले आधी शिकवा."

कोणी हसलं नाही. बंद करायचा ठराव तसाच राहिला.

आता शेडमधलं दुसरं विमान उघडलंय. नागपूरकडून एक नवे शिक्षक येऊन राहिलेत, वयस्क आहेत, कमी बोलतात. पंखांचं कापड सडलं होतं. ते म्हणाले, शिवणारा माणूस पाहिजे. मी म्हटलं, मी शिवते. तुम्ही असताना मला शेडमध्ये पाऊल टाकू देत नव्हतात, तेलाने लुगडं खराब होतं म्हणून. आता रोज जाते. लाकडी फासळीवर कापड ताणायचं, मेण लावलेल्या दोऱ्याने टाके घालायचे, प्रत्येक टाक्याला गाठ. एक सुटला तरी पुढचा धरला पाहिजे. पंखाच्या पलीकडे लच्छू बसतो, मी सुई टोचते, तो ओढून परत देतो. दिवसभर आम्ही एकमेकांना दिसत नाही, फक्त सुई येते जाते.

आणि मुख्य गोष्ट. सुकरीने निरोप पाठवलाय. त्यांच्यात गेलेल्या माणसाच्या नावाने दगड उभा करतात. उन्हाळ्यात करायचं आहे. तिने म्हटलंय, शिकवणाऱ्याने यायला पाहिजे. त्याच्या बापाच्या ठिकाणी तोच. तो येईल तेव्हाच दगड उभा करीन, नाही तर पडून राहू दे.

ती तुमच्यावर रागावलेली नाही. ती तुम्हाला बोलावते आहे. अजी, या. माझ्याकडे येऊ नका हवं तर. गडचिरोलीहून परस्पर जा, परस्पर परत फिरा. मी चांद्यातच थांबेन, तुमच्या वाटेत येणार नाही.

कमळा


कोसमटोला, १७ मे १९५८

अजी,

तुमचं पत्र निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. "त्या दगडासमोर मला उभे राहता येणार नाही. तूही जाऊ नकोस. झाले ते झाले." सुकरीला काय कळवायचं ते तुम्ही लिहिलं नाहीत. मग मीच जायचं ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा तुमचं ऐकलं नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही, त्या सकाळी दारातही ऐकलं नव्हतं.

लच्छू बरोबर होता. वैनगंगेत आता रेतीच रेती, मधल्या धारेपुरता डोंगा. गडचिरोलीहून बांबूच्या ट्रकवर बसून धानोरा, पुढे पायी. जंगलात सगळीकडे तेंदूपानं तोडणारी माणसं. कोसमटोला म्हणजे थोडीशी घरं, मधे एक विहीर. त्या विहिरीचं पाणी मी प्याले.

सुकरीने मला पाहिलं, माझ्या मागे पाहिलं. वाटेकडे बघत राहिली. मी म्हटलं, "नाई आले ते." तिने मान हलवली आणि पाय धुवायला पाणी दिलं.

गावातले जाणते लोक जमले. एक म्हातारा म्हणाला, ज्याला बोलावलं तो आला नाही, मग दगड कसा उठेल? बायकांमध्ये कुजबुज झाली. मी खाली बघत होते. वाटलं, आता परत पाठवतील, आणि पाठवलं तर ते बरोबरच आहे.

सुकरी मध्ये आली. गोंडीत बोलली, लच्छूने माझ्या कानात सांगितलं. ती म्हणाली, तो आला नाही, त्याची बाई आली. माझ्या पोराने हिच्या हातचा भात खाल्ला. मी नऊ महिने पोटात वाढवला, हिने दोन सालं जेवू घातलं. दगड उठवा.

माणसांनी तो नदीकडून लाकडी बल्ल्यांना बांधून आणला होता. उंच, अंगाने ओबडधोबड. ढोल वाजत होते. खड्ड्यात उभा करताना तो एका बाजूला कलला, सगळे ओरडले, बाया पण धावल्या, मीही हात लावला. दगड उन्हाने तापला होता. उभा राहिल्यावर सुकरीने तेल-हळद लावली आणि वाटी माझ्या हातात दिली. तुमच्या वाटचं मी लावलं. कसं लावायचं मला माहीत नव्हतं. तिने माझं मनगट धरून हात फिरवला.

मग ती रडली. मातीच्या दिवशी ती रडली नव्हती म्हणतात. दगडाला कवटाळून, डोकं घासून रडली. त्याला गोंडीत हाका मारत होती, एवढं मला समजलं. मी तिच्याजवळ खाली बसले.

जेवणाच्या वेळी धुरपता नावाची बाई कडेवर पोर घेऊन आली. त्याचं अंग खरजेने भरलेलं, पण डोळे तरतरीत. "हा गार पडला होता," ती म्हणाली. "माय म्हणाली, आता खड्डा खणा. तं वरून आवाज आला." तिच्या मोठ्या मुलीला मात्र औषध पोचलं नाही, ती आदल्या दिवशीच गेली होती. तेही तिने त्याच आवाजात सांगितलं आणि माझ्यापुढे पळसाच्या पानावर भात वाढला.

हे सुकरीच्या अंगणात बसून लिहिते आहे. ती शेजारी मोहाची फुलं पाखडते आहे. आज ती माझ्याशी बोलते.

कमळा


चांदा, २३ नोव्हेंबर १९५८

अजी,

तुमचं लांबलचक पत्र आलं. लग्न झाल्यापासून तुम्ही मला एवढं कधी लिहिलं नव्हतं. खोली मिळाली आहे, समोर चहाचे मळे आहेत, दिब्रुगडपर्यंत गाडीने ये, तिथे घ्यायला येईन. हे सगळं वाचताना इतका आनंद झाला की पत्र हातात घेऊन तशीच धावत गेले. भैयाजींना सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, तिकीट काढू का?

मग शेवट पुन्हा वाचला. "एकच सांगणे. इथे आल्यावर त्याचे नाव काढायचे नाही. चांद्याचे काहीच बोलायचे नाही. नवीन सुरुवात करू."

दहा दिवस मी या ओळींबरोबर आहे. उत्तर लिहायला इतका उशीर त्यामुळे.

तुम्हाला ठाऊक आहे, बेचाळीसच्या चळवळीत चिमुरात माझा भाऊ सुकलू गेला. कसा गेला ते तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही, कारण आमच्या घरात ते सांगायची रीतच राहिली नव्हती. बाबांनी तेराव्याच्या दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं, आजपासून या घरात त्याचं नाव नाही. त्यांना सोसवत नव्हतं म्हणून. त्यांचा मी राग केला नाही. पण आई ते नाव तोंडात धरून जगली. भाजी निवडताना तिचे ओठ हलायचे. बाबा आले की बंद. मरताना तिने मला जवळ ओढलं आणि कानात नुसतं "सुकलू, सुकलू" म्हणाली, जणू चोरी करतेय. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होते. बाबा शेजारच्या खोलीत होते.

मला तसं घर चालवता येणार नाही. तुमच्यासाठी सुद्धा नाही.

तुम्ही दुःखात आहात, हे मला कळतं. तुम्ही पंखा फिरवला, मी दार धरलं, आणि तो हसत गेला. हे आपण दोघं मिळून कधी तरी मोठ्याने बोललो असतो, भांडलो असतो, रडलो असतो, तर मी आसामला काय, त्याच्या पुढेही आले असते. तुम्हाला ते नको आहे. तुम्हाला मी पाहिजे, पण त्याच्याशिवायची. तशी मी आता उरलेली नाही.

म्हणून येत नाही. तिकीट काढू नका, स्टेशनावर येऊ नका.

बाकी इथलं. लच्छू श्रावण संपल्यावर एकटा उडाला. उतरला आणि सरळ आपल्या ओसरीवर येऊन बसला. म्हणाला, "बाई, वरून सगळं हिरवंच दिसते. कोणतं गाव कोणतं, कळतच नाई. दसरूले कसं कळलं असन?" मी म्हटलं, त्याला कळलं. आता लच्छूचा परवाना झाला आहे, तो नागपूरला पुढचं शिकायला गेला. क्लबने मुलांच्या जेवणाखाण्याचं माझ्याकडे दिलंय. विहिरीवर पुन्हा सकाळी जाते. कोणी बोलतं, कोणी नाही.

नव्या पोरांत चिमूरची एक मुलगी आहे, चंदा. हायस्कूलमधून निवडून आली. अशी पहिलीच. तिचा बाप मुखरू शेतकरी आहे, पोरीला सोडायला आला आणि परत जाईना. आज नवे शिक्षक तिला पहिल्यांदा वर नेताहेत. मुखरू मघापासून धावपट्टीच्या कडेला गवतात उकिडवा बसून आहे. पागोटं हातात घेतलंय आणि त्याचा पीळ सोडतो, घालतो, सोडतो. मी चहा नेला तर म्हणाला, "बाई, मी नाई म्हणायले पाहिजे होतं का?" मी चहा त्याच्यापुढे ठेवला आणि हे पत्र पुरं करायला आत आले.

इंजिन सुरू झालं. इथेच थांबते. विमान खाली येईपर्यंत मुखरूजवळ जाऊन बसते.

कमळा